नवी बॅटरी पण तिसऱ्या दिवशी डाऊन: विश्रामबागच्या एका गाडीचं प्रकरण

गाडीची बॅटरी सारखी डाऊन व्हायला लागली की आपल्याकडं इलाज ठरलेला, नवीन बॅटरी टाका. बऱ्याचदा तो बरोबर पण असतो, आपल्या उन्हाळ्यात चार-पाच वर्षं काढली की बॅटरी थकतेच. पण नवीन टाकलेली बॅटरी पण उतरायला लागली तर तिथून पुढं बॅटरीवर पैसे घालायचे नाहीत, गाडी बंद असताना करंट कुठं जातोय ते आधी मोजायचं. माझ्या मामांच्या गाडीत हे सगळं झालं, जवळजवळ सहा महिने ते वैतागले होते, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कुणाला तरी उपयोग होईल.

गाडी 2016 ची पेट्रोल हॅचबॅक, मामांनी 2020 च्या शेवटी सेकंडहँड घेतलेली. मॉडेल सांगत नाही, दोष कंपनीचा नव्हता. मामा रिटायर्ड शिक्षक, राहायला सांगलीत विश्रामबागला, गाडीचा वापर म्हणजे आठवड्यातनं एकदा तासगावकडं द्राक्षाच्या बागेवर, मधे कधी मार्केट यार्ड, कधी मामीला घेऊन मिरजेला दवाखान्यात. बाकी दिवस गाडी दारात उभी. जानेवारीत जुनी बॅटरी गेली, नवीन टाकली, महिनाभरात ती पण डाऊन. दुकानदारानं वॉरंटीत बदलून दिली. ती पण डाऊन. गाडी रोज फिरवली तर काही नाही, दोन दिवस उभी राहिली तर सेल्फ जड घेते, तिसऱ्या दिवशी नुसतं टक टक टक आणि मीटरचे दिवे मंद.

आता सांगलीत सेकंडहँड गाडीला इलेक्ट्रिकलचा काहीही प्रॉब्लेम आला की पहिला शब्द काय निघतो ते सांगलीकरांना सांगायला नको. "पुरातली गाडी असणार." ऑगस्ट 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेलेली, धोक्याची पातळीच 45 फूट, किती गाड्या पाण्यात गेल्या आणि धुऊन-पुसून विकल्या गेल्या ते आपण बघितलंय. शेजारी तेच म्हणत होते, मामांच्या डोक्यात पण तेच बसलेलं, आणि गाडी विकून टाकायच्या गोष्टी चालू झाल्या होत्या. दुसरीकडं मिस्त्री म्हणत होते बॅटरीच डुप्लिकेट, एकानं सांगितलं पुण्याहून मुलानं बसवून दिलेला टचस्क्रीनचा म्युझिक सिस्टीम काढून टाका. डायनामो (इंजिनबरोबर फिरून बॅटरी चार्ज करणारा ऑल्टरनेटर) पण चेक करून झाला होता, एकापेक्षा जास्त ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच, "डायनामो ओके आहे सर, 14.2 मारतोय." हे उत्तर लक्षात ठेवा, पुढं लागणारंय.

माझं काम कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सचं, मीटर (व्होल्टेज-करंट मोजायचा मल्टीमीटर) रोज हातात असतो, त्यामुळं मामा म्हणाले बघ की एकदा, तुम्हा लोकांचं हेच काम ना.

पहिलं पुराचं बघितलं, कारण मामांची झोप त्यानंच उडवली होती. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा, पट्टा जिथं संपतो तिथं चिखलाची रेघ राहते, ती कुणी धुवत नाही. सीटचे बोल्ट गंजलेत का, कार्पेट उचलून खाली गाळ आहे का, स्टेपनीच्या खड्ड्यात काय आहे, फ्यूज बॉक्सच्या कनेक्टरवर हिरवं चढलंय का. सगळं स्वच्छ निघालं. तासाभराचं काम, पण मामांच्या चेहऱ्यावरचं ओझं तिथंच निम्मं उतरलं, आणि गाडी विकायचा विषय बंद झाला.

मग बॅटरी. 35 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे एक अँपिअर करंट साधारण 35 तास देईल एवढी), तिसऱ्या दिवशीच्या सकाळी व्होल्टेज 11.4. बारा व्होल्टच्या बॅटरीचा साधा हिशोब असा की उभ्या गाडीत 12.6 च्या वर म्हणजे फुल, 12.2 च्या आसपास म्हणजे अर्धी, 11.9 च्या खाली गेली म्हणजे रिकामी धरा. ती काढून चार अँपिअरच्या छोट्या चार्जरवर रात्रभर व्हरांड्यात लावली (घरात बंद खोलीत लावू नका, चार्जिंगला हायड्रोजन सुटतो). सकाळी चार्जर काढून काही तास तशीच ठेवली, कारण चार्जरवरनं काढल्या काढल्या जे व्होल्टेज दिसतं ते फुगलेलं असतं. 12.7 दिसलं. गाडीत बसवून सेल्फ मारला तर मारताना 10.3 पर्यंत खाली आली, चांगल्या बॅटरीचं लक्षण आहे, 9.6 च्या खाली गेली असती तर शंका घेतली असती. गाडी चालू करून 14.2, लाइट, ब्लोअर, एसी सगळं लावून 13.9. मीटर एसी व्होल्टवर (गाडीतला गार हवेचा एसी नव्हे, एसी करंट) टाकून रिपल, म्हणजे चार्जिंगच्या डीसीत उरलेली एसीची लहर, बघितला, तो 0.05 च्या आत. हा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर डायनामोतला डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) सरळ गेलेला असतो. इथं तसं काही नव्हतं, म्हणजे मिस्त्री खोटं बोलत नव्हते, चार्जिंग खरंच ओके होतं.

यानंतरची टेस्ट कुणालाही घरी जमते आणि दहा नंबरचा पाना आणि साधा मीटर सोडून काही लागत नाही, पण कुणी करत नाही याचं मला वाईट वाटतं. फुल चार्ज बॅटरी गाडीतच ठेवायची, फक्त मायनसचं टर्मिनल काढून बाजूला करायचं आणि दोन रात्री सोडायची. मामांची बॅटरी दोन रात्रींनंतर पण 12.6. मग टर्मिनल जोडून परत दोन रात्री, आता 12.1. झालं, बॅटरी स्वतःहून उतरत नाही, गाडी तिला उतरवते. वॉरंटीत बॅटरी बदलून घेण्याआधी एवढं केलं असतं तर दुकानाच्या चकरा वाचल्या असत्या, आणि दुकानदारानं पण बदलून देण्याआधी हे विचारायला पाहिजे होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता किती करंट जातोय ते. त्या दिवशी आम्ही मिरजेहून आलो होतो, गाडी गरम होती, तशीच लावली. ड्रायव्हरची काच खाली घेतली, बॉनेट उघडलं, आणि दार उघडं ठेवून दाराचं लॉक स्क्रू ड्रायव्हरनं दाबून बंद करून घेतलं म्हणजे गाडीला वाटतं दार लागलंय, मग रिमोटनं लॉक करून किल्ली घरात नेऊन ठेवली. मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या सॉकेटमधे, मीटर डीसी अँपिअरवर, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं मायनसच्या केबलला, आणि ही दोन्ही टोकं लागल्यावरच टर्मिनल वर उचललं, मधे सप्लाय तुटला की गाडीतले सगळे कंट्रोल युनिट (छोटे कॉम्प्युटर) परत जागे होतात आणि वेळ वाया जातो. मीटर असा सिरीजमधे असताना चुकून सुद्धा सेल्फ मारायचा नाही, शंभरच्या वर अँपिअर जातात, मीटरचा फ्यूज उडतो, आणि स्वस्त मीटरच्या 10 अँपिअरच्या सॉकेटला बऱ्याचदा फ्यूजच नसतो, तिथं मीटरच जळतो.

सुरुवातीला 2.6 अँपिअर. हे बघून पुष्कळजण ओरडतात सापडलं सापडलं, पण नाही, गाडी लॉक केल्यावर तिचे युनिट एक एक करून झोपतात, वीस-तीस मिनिटं थांबावंच लागतं. निरोगी गाडी शेवटी 20 ते 50 मिलीअँपिअरवर येऊन थांबते, म्हणजे 0.02 ते 0.05. मामांची गाडी काही मिनिटांत 0.74 वर आली आणि तिथून पुढं जे दिसलं तेच या सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे. आकडा पायरीपायरीनं पडत नव्हता. युनिट झोपलं की आकडा धाडकन उतरतो, 1.8 चा 0.9, 0.9 चा 0.3, असं. इथं 0.74, 0.73, 0.71, मी चहा पिऊन आलो तर 0.66, अंधार पडला तेव्हा 0.51, असा घसरत चाललेला, एकदाही उडी नाही. सकाळी इंजिन गार असताना 0.43 वर स्थिर. कुठला दिवा चालू राहिला असता तर आकडा एका जागी थांबला असता, डिकीतला 5 वॅटचा दिवा बरोबर 0.4 अँपिअर घेतो, मला पहिला संशय त्याचाच होता, पण तो इंजिन गार व्हायला लागलं म्हणून कमी करंट घेत नाही. इंजिनबरोबर जे गरम होतं आणि इंजिनबरोबर गार होतं, असं काहीतरी करंट खात होतं.

0.43 म्हणजे फार वाटत नाही ना? दिवसाला 10 एएचच्या वर झाले. 35 एएचची बॅटरी, तिसऱ्या दिवशी खलास. हिशोब तंतोतंत जुळला.

तरी पण नियमाप्रमाणं फ्यूज बघायचेच, अंदाजावर उडी मारायची नाही. फ्यूज उपटायच्या आधी एक चांगली पद्धत आहे, प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, त्यावर मीटरची टोकं ठेवून मिलीव्होल्ट बघायचे, ज्या फ्यूजमधनं करंट जातो तिथंच आकडा येतो, आणि गाडी जागी होत नाही. 15 अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर 0.4 अँपिअर जात असता तर साधारण दोन मिलीव्होल्ट दिसले असते. डॅशबोर्डखालचे सगळे बघितले, बॉनेटमधले बघितले, कुठंच काही नाही. मग खात्रीसाठी एक एक करून सगळे छोटे फ्यूज काढले, म्युझिक सिस्टीम बिचारा निर्दोष, सगळं काढून आकडा 0.43 चा 0.41 झाला. बस. मामा शेजारी उभे होते, म्हणाले, "अरे सगळे फ्यूज काढलेस, मग आता करंट जातोय कुठनं?"

मला वाटतं बरेच मिस्त्री इथंच थांबतात, आणि मग कट-ऑफ स्विच बसवून देतात, रात्री बंद करा सकाळी चालू करा. मामांना पण एकानं तो सल्ला दिला होता. मला तो इलाज अजिबात पटत नाही, गळती तशीच राहते, वाढत गेली तर कळत पण नाही, आणि ज्या दिवशी स्विच बंद करायला विसरलं त्या दिवशी परत तेच.

छोटे फ्यूज काढले तरी बॅटरीच्या प्लसवरनं दोन जाड वायरी तशाच जोडलेल्या असतात, एक सेल्फला, एक डायनामोला. डायनामोच्या वायरीत मोठा मेन फ्यूज असतो, पण तो इतका जाड की 0.4 अँपिअरला त्याच्यावर पडणारं व्होल्टेज साध्या मीटरला दिसतच नाही, म्हणून मिलीव्होल्टच्या टेस्टमधे तो सुटतो. आणि इंजिनबरोबर तापतो कोण? डायनामो.

बॅटरीचं मायनस पूर्ण काढून घेतलं, हे आधी करायचंच, कारण डायनामोच्या मागचा जाड नट कायम प्लसला असतो आणि पाना बॉडीला टेकला तर मोठा जाळ होतो. मग रबरी टोपी सरकवून नट काढला, वायर बाहेर घेऊन तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, परत मीटर लावला, थांबलो. 0.02.

वायर परत जोडली, 0.42. काढली, 0.02. मामांना स्वतः बघायचं होतं म्हणून त्यांना मीटर धरायला दिला, चष्मा वर करून ते आकडा मोठ्यानं वाचत होते.

आता 14.2 व्होल्ट मारणारा डायनामो बॅटरी उतरवतो कसा, हा प्रश्न मामांनी पण विचारला. डायनामोत तयार होतो तो एसी, त्याचा डीसी करायला आत डायोडची प्लेट असते, बहुतेक गाड्यांत सहा डायोड, तीन प्लसच्या बाजूला, तीन मायनसच्या. डायोडचं दुसरं काम म्हणजे गाडी बंद असताना बॅटरीचा करंट उलटा डायनामोत येऊ न देणं. विहिरीवरच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह असतो तसंच, मोटार चालू असताना पाणी वर जातं, व्हॉल्व्ह थोडा गळका असला तरी पाइपमधे पाणी येतंच, पण मोटार बंद करून सकाळी बघा, पाइप रिकामा. डायोड पूर्ण फुटला असता तर चार्जिंग कमी दिसलं असतं, रिपल वाढला असता, तेव्हाच सापडला असता. इथं तो नुसता गळत होता, बॅटरीचा जेवढा करंट जात होता तो चाळीस-पन्नास अँपिअर देणाऱ्या डायनामोपुढं काहीच नाही, त्यामुळं चालू गाडीत कुठल्याच टेस्टला दिसणार नव्हता. आणि डायोड जितका गरम तितकी त्याची उलटी गळती जास्त, म्हणून मिरजेहून आल्यावर 0.74 आणि सकाळी 0.43. म्हणजे लांबचा प्रवास करून गाडी लावली की पहिले काही तास बॅटरी सगळ्यात जोरात उतरत होती.

शंभर फुटी रोडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडं डायनामो उतरवून नेला. त्यांनी उघडून प्लेट सुटी केली, एक एक डायोड मीटरवर घेतला. चांगला डायोड एका बाजूनं 0.5 च्या आसपास दाखवतो आणि उलटा धरला की काहीच नाही. प्लसच्या बाजूचा एक आणि मायनसच्या बाजूचा एक, हे दोन उलटे धरले तरी आकडा दाखवत होते. दोन निघाले याचं मला तिथं समाधान वाटलं, कारण नुसता प्लसचा एकच गळका असता तर करंटला पुढं मायनसच्या डायोडनं अडवलं असतं, बॉडीपर्यंत पोचायला दोन्हीकडं वाट मोकळी लागते. त्यांनी पूर्ण प्लेट बदलली, उघडलाच आहे म्हणून बेअरिंग आणि ब्रश पण नवीन टाकले. नवीन डायनामोच्या मानानं खर्च फारच कमी आला. चांगला माणूस भेटला, मला बाजूला उभं करून प्रत्येक डायोड दाखवून मग प्लेट फेकली.

राहिला एक प्रश्न, दोन डायोड एकदम गेले कशानं. मामांना मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की जानेवारीत बॅटरी गेली तेव्हा काय काय केलं, ते म्हणाले काही नाही, बॅटरी बदलली फक्त. डायनामो बसवून आल्यावर सगळे चहाला बसलो होतो, मी सांगत होतो की डायोड असे सहसा उलट्या कनेक्शननं जातात, तर मामी आतनं म्हणाल्या, "अहो, त्या दिवशी यार्डात केवढा जाळ निघाला होता, ते सांगितलं नाही का तुम्ही त्याला?"

मग सगळं बाहेर आलं. जानेवारीत मार्केट यार्डात जुनी बॅटरी बसली, वयानंच बसली, तिचं काही चुकलं नव्हतं. शेजारी लावलेल्या टेम्पोवाल्यानं आपुलकीनं जंपर केबल लावून दिली, गर्दी, घाई, दोन्ही केबल मळून सारख्याच काळ्या, पहिल्यांदा लावताना मोठी ठिणगी उडाली, त्यानं लगेच काढून अदलाबदल करून लावली आणि गाडी चालू झाली. मामांच्या दृष्टीनं काम झालं होतं, सांगण्यासारखं त्यात काही वाटलंच नाही. पण त्या क्षणभरात दुसऱ्या बॅटरीचा करंट सरळ डायोडमधनं धावला असणार, उलट्या जोडणीत डायोड अडवत नाहीत, पूर्ण उघडतात. बऱ्याच गाड्यांत मेन फ्यूज उडतो आणि डायनामो वाचतो. इथं फ्यूज वाचला, डायोड अधू झाले. म्हणजे पहिली बॅटरी म्हातारपणानं गेली आणि पुढच्या दोन्ही त्या ठिणगीनं, कारणं वेगळी, दिसायला आजार एकच, म्हणून सगळे बॅटरीलाच धरून बसले. आता कुणी बॅटरीची तक्रार घेऊन आला की मी उत्तराची वाट न बघता सरळ विचारतो, जंप लावला होता का, आणि लावताना ठिणगी उडाली का.

प्लेट बदलल्यावर गाडी बंद असताना 0.02 अँपिअर, दिवसाला अर्धा एएच, महिनाभर उभी राहिली तरी बॅटरी निम्म्याच्या आसपास राहील. वॉरंटीतली ती बॅटरी टेस्टरवर चांगली दाखवली, नव्यापेक्षा थोडी कमी भरली, कारण रिकामी होऊन पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि ते सगळं परत सुटत नाही. चालेल अजून. मामा आठवडाभर आत्याकडं जाऊन आले, आल्यावर पहिल्या सेल्फला चालू.

जंप लावायचा तर क्रम असा. लाल चिमटा आधी आपल्या उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, प्लस म्हणजे बॅटरीवर कोरलेली खूण बघून, वायरच्या रंगावर जाऊ नका, जुन्या गाड्यांत कुणी काय रंगाची वायर टाकलेली असेल सांगता येत नाही. लालचं दुसरं टोक मदतीच्या गाडीच्या प्लसला. मग काळा तिच्या मायनसला. मोठ्या ट्रकवरनं जंप घेऊ नका, त्यांची सिस्टीम 24 व्होल्टची असते. आणि शेवटचा काळा चिमटा आपल्या बॅटरीच्या मायनसला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावायचा, बॅटरीपासून लांब, कारण शेवटचा चिमटा लावताना थोडी ठिणगी पडतेच आणि ती बॅटरीच्या गॅसजवळ नको.